दोघांचीच जंगल सफारी, पण द्राक्षबागेच्या तारखा सांभाळून : सल्ला हवा आहे

बागवाला_कवठेमहांकाळ

रामराम मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज धागा काढायचं धाडस करतोय.

येत्या वर्षी आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोघांनी बजावलंय, "तुम्ही दोघंच कुठंतरी जाऊन या, आम्हाला ओढू नका." आजवर आमचं फिरणं म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, गणपतीपुळे आणि पाहुण्यांची लग्नं. जंगल बघायची हौस दोघांनाही आहे. टीव्हीवर वाघ दिसला की आमच्यात ताटावर माशा बसल्या तरी कळत नाही.

अडचण बागेची. ऑक्टोबर छाटणी झाली की माल निघेस्तोवर मान वर करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चला काढणी, पाठोपाठ बेदाण्याचं शेड, ते होतंय तोवर एप्रिलची खरड छाटणी. आणि ज्याला विचारावं तो म्हणतो मार्च ते मे जा, तेव्हा वाघ पाण्यावर येतो. म्हणजे वाघ पाण्यावर आणि आम्ही औषधाच्या पंपावर.

ताडोबा, कान्हा का कर्नाटकात कुठं? एका व्यापाऱ्यानं डोक्यात आफ्रिकेचंही भरवलंय. दोघांसाठी दीड-दोन लाखांपर्यंत मनाची तयारी आहे, द्राक्षाला दर बरा लागला तर पुढचं बोलू. आणि मुख्य म्हणजे लक्षात राहील अशी सहल व्हायला पाहिजे. नुसतं "जाऊन आलो" नको.

कंदी_पेढा

सर्वप्रथम २५ वर्षं टिकल्याबद्दल दोघांचं अभिनंदन. सफारीत चार तास गप्प बसायचं असतं. माझ्या माहितीत बरीच लग्नं त्याच तत्त्वावर चालतात, तुम्हाला जड जाणार नाही.

रानवेडी_सातारा

दादा, ताडोबाच करा. आपल्याच राज्यात, गाइडशी मराठीत बोलता येतं आणि वाघ दिसायची शक्यता खरंच चांगली.

थोडी माहिती देते. कोअरला, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याला, मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी अशी गेटं आहेत. मोहर्ली चंद्रपूरहून जवळ, कोलारा-नवेगाव चिमूरच्या बाजूला. राहायचं ठिकाण गेट बघून ठरवा, नाहीतर हॉटेल एका टोकाला आणि बुकिंग दुसऱ्या टोकाचं, आणि मधे तासाभराचा अंधारातला प्रवास. बुकिंग वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, तशीच दिसणारी खोटी दुकानंही नेटवर आहेत. बुकिंगला जे ओळखपत्र दिलंत तेच मूळ कार्ड गेटवर लागतं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. मंगळवारी जंगल बंद असतं, तो वार टाळून आखणी करा.

कोअर पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद. बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याची, काही गेटं पाऊस बघून चालू ठेवतात. म्हणजे तुमच्या बागेच्या हिशोबात जून हा एकच महिना शिल्लक दिसतोय.

दोघंच असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. जिप्सी सहा जणांची असते आणि भाडं गाडीचं असतं. सहा जणांत वाटलं तर परवडतं, दोघांत तेच तिप्पट वाटतं. शनिवार-रविवारी आणखी महाग. रिसॉर्टवर दुसरं जोडपं गाठून गाडी वाटून घेता येते, पण मग पुढची रांग कुणाची यावरून दुसरं महाभारत.

चहाबाज_कराड

वाघाचं मला माहीत नाही. बिबट्या बघायचा असला तर तिकीट काढू नका. रात्रीच्या लाइटला उसाला पाणी धरायला आमच्याकडं या. सफारी फुकट, चहा माझा.

माळकरी_शिराळा

चहाबाज, हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं येतात, पिल्लं त्याच जागी टोपलीखाली ठेवतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते. तोवर तोड बंद, टोळी बसून. बिबट्याची मादी उसालाच जंगल समजते, तिचाही दोष नाही. पण शेळी गेली की माणूस असा विचार करत नाही.

लेन्सवाला

धागाकर्ते, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढ्या लांब जाताय तर कमीत कमी सहा सफाऱ्या लावा. दोन-तीनमध्ये काही होत नाही. सकाळ-दुपार दोन्ही, सलग तीन दिवस, सगळ्या कोअरच्या. आधी गाइडला फोन करून कुठल्या वाघिणीला बछडे आहेत, ती कुठल्या पाणवठ्यावर येते, हे विचारून त्याप्रमाणे गेट निवडा. वाघ दिसला नाही तर दोन लाख घालवून तुम्ही धूळ आणि चितळ बघून परत येणार. चितळ तर आपल्या सांगलीतल्या सागरेश्वरलाही आहेत.

कृष्णाकाठची

लेन्सवाले भाऊ, ही लग्नाच्या वाढदिवसाची सहल आहे, रोजगार हमी नव्हे.

सलग सहा सफाऱ्या म्हणजे काय ते मी भोगलंय. पहाटे चारला उठा, उजाडायच्या आत गेटवर रांगेत, चार तास खड्ड्यांतून, परत येऊन आंघोळ-नाश्ता, जरा पाठ टेकली की दुपारच्या फेरीची हाक. तिसऱ्या दिवशी मी आणि आमचे हे एकमेकांशी बोलत नव्हतो. समोर वाघीण चालत होती आणि आमच्या डोक्यात चाललं होतं, काल रात्री गीझर कुणी चालू ठेवला.

आता जे कुणी लिहीत नाही ते लिहिते. बायकांना सफारीत सगळ्यात मोठा प्रश्न बाथरूमचा. गाडीतून मधेच उतरता येत नाही, ठरलेल्या थांब्यावरच उतरायचं, आणि तो थांबा कधी येईल ते गाडी कुठल्या वाटेला लागते त्यावर. मग बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हाळ्यात चक्कर येऊन बसतात. निघायच्या आधी गाइडला सरळ विचारायचं, "थांबा कुठं आहे आणि आपण किती वाजता पोचू?" लाजायचं नाही. दुसरं, कंबर-मानेचं दुखणं असेल तर मागची रांग घेऊच नका. मागच्या चाकावर बसलेला माणूस उडतो.

आणि दादा, तुम्ही गेटं, महिने, बजेट सगळं विचारलंत. वहिनींना काय बघायचंय, ते धाग्यात कुठंच नाही.

बागवाला_कवठेमहांकाळ

कृष्णाकाठच्या ताई, तिला वाघच बघायचाय की. टीव्ही तीच लावते.

कृष्णाकाठची

टीव्ही लावते म्हणजे विचारलंत असं होत नाही :)

तंबोरा_मिरज

जाण्यायेण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या भागाला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे ना! कोल्हापूर ते गोंदिया. मिरज, सांगली, कराड, सातारा, पुणे करत अख्खा महाराष्ट्र ओलांडून दुसऱ्या दिवशी नागपूर. वेळ भयंकर लागतो, पण दोघांनी गप्पा मारत जायला यापेक्षा बरी गाडी नाही. दशमी, शेंगाची चटणी, दही घ्या. विदर्भात शिरेपर्यंत डबा संपतो, मग स्टेशनवरचं काहीबाही खायला मोकळे. मिरजेवरून पंढरपूर-लातूर मार्गे जाणारी कोल्हापूर-नागपूर गाडीही आहे, ती रोज नसते.

स्वतःची गाडी असेल तर तुमच्या गावावरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्गच धरा. सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, तिथून वणीमार्गे चंद्रपूर. सातशे किलोमीटरच्या वर पडतं. एका दिवसात हाणू नका, नांदेडला मुक्काम करा.

कंदी_पेढा

तंबोरा, महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जाऊन आलेली जोडपी पुढं कुठल्याही संकटाला घाबरत नाहीत असं ऐकलंय.

तंबोरा_मिरज

पेढेवाले, तुमची सातारची माणसं पुण्यातच उतरतात. नागपूरपर्यंत बसून दाखवा, मग बोला.

माजी_वनपाल

नोकरी विदर्भात आणि शेवटची काही वर्षं आपल्या सह्याद्रीत झाली, त्यावरून दोन गोष्टी.

लेन्सवाले म्हणतात तसं वाघिणीचा पत्ता विचारून गेलं की वाघ दिसेलही. पण त्या एका वळणावर वीस जिप्स्या अडकलेल्या असतात, सगळे उभे, ड्रायव्हर एकमेकांवर खेकसतायत, आणि वाघ रस्ता ओलांडायला जागा शोधतोय. असा वाघ बघून माणूस फोटो घेऊन येतो, जंगल बघून येत नाही.

जंगल ऐकायचं असतं. गाइडला सांगा, "गाडी बंद करून दहा मिनिटं थांबू." ताडोबात बांबू दाट, त्यात वाघ दहा हातांवर असला तरी दिसत नाही. तो कळतो दुसऱ्यांच्या ओरडण्यावरून. चितळ ओरडतं ते पुष्कळदा खोटं निघतं, ते पानालाही घाबरतं. वानर झाडावरून बघून खोकल्यासारखं ओरडतं, त्याच्यावर जास्त विश्वास. आणि सांबरानं एकदा "ढांक" केलं, पुन्हा केलं, की गाइड आपोआप सरळ होऊन बसतो, कारण सांबर उगीच बोलत नाही. हे आवाज ओळखू यायला लागले की वाघ न दिसताही चार तास कसे गेले कळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक बघा. पांढऱ्याफटक खोडाचं निष्पर्ण झाड दिसेल, कांडोळ. संधिप्रकाशात भुतासारखं उभं असतं. वाघामागं पळणाऱ्या गाड्यांतल्या एकानंही त्याचं नाव विचारलेलं मला आठवत नाही.

कपडे मळखाऊ रंगाचे, अत्तर-सेंट नको, उन्हाळ्यात डोक्याला सुती पंचा. थंडीत गेलात तर उघड्या जिप्सीत पहाटे दात वाजतात, तेव्हा घोंगडीला पर्याय नाही.

लेन्सवाला

वनपाल साहेब, तुम्ही नोकरीत रोज वाघ बघितलात, म्हणून तुम्हाला कांडोळ सुचतो. ज्याला आयुष्यात एकदाच जायचंय त्याला वाघ दिसायलाच पाहिजे. हे मानायला काय हरकत आहे?

माजी_वनपाल

हरकत काहीच नाही. रोज बघितला मात्र नाही. पायी गस्तीत पाऊल रोज दिसायचं, वाघ क्वचित. त्याला आम्ही दिसायचो, हे नक्की.

गोकाक_फॉल्स

मी सांगलीचा, आता बेळगावात. सगळे नागपूरच्या दिशेनं तोंड करून का बसलेत? आपल्याला कर्नाटक जवळ आहे. दांडेली म्हणजे काळी व्याघ्र प्रकल्प, तिथं वाघ दिसणं कठीण, पण धनेश बघावेत तर तिथंच. उडताना पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतो. काबिनी लांब, म्हैसूरच्या पलीकडं. दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेस मिरजेवरूनच जाते, वार बघून घ्या. काबिनीला उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की काठावरच्या गवतावर हत्तींचे कळप येतात आणि ते होडीतून बघता येतात. होडीत धक्के नाहीत, धूळ नाही. कंबरवाल्यांनी विचार करावा.

रानवेडी_सातारा

गोकाक, काबिनी सुंदरच आहे, पण हत्ती उन्हाळ्यात आणि दादा उन्हाळ्यात बागेत. पुन्हा तिथंच आलो.

नेर्लेकर_नैरोबी

वाळवा तालुक्यातला माणूस, पोटापाण्यासाठी नैरोबीत. आफ्रिकेचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही.

तुमच्या बागेचं वेळापत्रक वाचून मला हसू आलं, कारण ते इथल्या मसाई मारा अभयारण्यासाठीच बेतल्यासारखं आहे. भारतातली बरीच जंगलं जुलै ते सप्टेंबर बंद असतात, आणि नेमके त्याच काळात शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्ट या हरणवर्गातल्या जनावरांचे कळप माराकडं येतात. जुलै ते ऑक्टोबर. मारा नदी ओलांडताना मगरी, धूळ, हजारो जनावरं, ते दृश्य मी शब्दांत सांगणार नाही. कळप काठावर येऊन तासन्‌तास उभा राहतो, आणि कधीकधी न ओलांडताच माघारी फिरतो.

आता खर्च, कारण व्यापाऱ्यानं ते सांगितलं नसणार. मसाई मारात परदेशी पर्यटकाला नुसती प्रवेश फी जुलै ते डिसेंबर दिवसाला माणशी २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. दोघं, तीन दिवस धरा. जुलैनंतर बाराशे डॉलर फक्त गेटवर, त्यात ना गाडी, ना तंबू, ना विमान. दोन लाखांत दोघांचं बसणं अवघड आहे.

मग जूनमध्ये या. फी निम्मी, गर्दी कमी, एप्रिल-मेच्या पावसानं गवत हिरवं. विल्डबीस्टचे मोठे कळप आलेले नसतात, पण सिंह, हत्ती, जिराफ, तरस बारा महिने तिथलेच. नैरोबीहून रस्त्यानं मारा पाच-सहा तास. छोट्या विमानानं गेलात तर सामान १५ किलोच्या आत आणि मऊ पिशवीत लागतं, चाकांची कडक बॅग चालत नाही. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, लाडू-चिवडा डब्यात आणा.

डॉक्टरबाई_विश्रामबाग

आफ्रिकेचा विचार असेल तर तब्येतीचं आधी. केनियाला जाऊन भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. तो नसेल तर विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, आणि ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथं वेळ घ्यावी लागते. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. साठीच्या पुढं असाल किंवा प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. मारा भागात मलेरियाही आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्या जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. कुठल्या, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका.

चहाबाज_कराड

आमच्या उसात यायला कुठलीच लस लागत नाही. पुन्हा एकदा आठवण.

सडा_आणि_पाणी

मला एक वेगळंच विचारायचंय. घरापासून दोन-तीन तासांवर चांदोली आहे, कोयना आहे, दोन्ही मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. या धाग्यावर त्याचं नाव फक्त वनपाल साहेबांच्या नोकरीपुरतं आलं. का?

रानवेडी_सातारा

कारण तिथं वाघ दिसत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणून सोडली, ही आनंदाची गोष्ट. पण एवढ्या मोठ्या घाटाच्या रानात पर्यटकाला ती दिसेल अशी आशा धरू नये. गवे, शेकरू, धनेश मात्र आहेत.

सडा_आणि_पाणी

दिसत नाही हे मला मान्य आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आमचं मूळ गाव आज त्या जंगलाच्या आत आहे. माझ्या वडिलांच्या लहानपणी लोक उठले आणि खाली पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. पर्यटक ज्या मोकळ्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, गाडी थांबवून गवे बघतात, त्यातल्या कितीतरी जागा लोकांच्या नाचणीच्या, वरीच्या शेताच्या होत्या. गवा तिथं चरायला येतो तो आमच्या बापजाद्यांनी झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागेत. वडील अजून आंब्याची झाडं नावानं सांगतात. ताडोबातही गावं उठलीच आहेत.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जातो. गाइडला वाघाबरोबर हेही विचारा, इथं कोण राहत होतं. चांदोलीजवळच्या मणदूरकडचा एखादा म्हातारा माणूस बरोबर घेतलात तर तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते आफ्रिकेत मिळणार नाही.

माजी_वनपाल

सडा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आमच्या बीटमध्ये, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, जुनी जोती, तुळशी वृंदावनं, जाती पडलेली होती. गस्तीला आमच्याबरोबर असणारे कित्येक रोजंदार मजूर त्याच गावांतले. रस्ता त्यांना विचारावा लागायचा, नकाशाला नाही.

गवताच्या बाबतीत मात्र भर घालतो. माणूस आणि गुरं गेली की तो मोकळा माळ झुडपांनी भरायला लागतो आणि मग गव्याला, सांबराला चराई कमी पडते. म्हणून खात्याला ती कुरणं मुद्दाम राखावी लागतात. वाघीण आणून सोडायच्या आधी तिला खायला चितळ-सांबर पुरेसं पाहिजे. त्यामुळं सागरेश्वरसारख्या ठिकाणाहून चितळ आणायचा विषय निघतो.

कृष्णाकाठची

सागरेश्वरवरून आठवलं. ते जंगल मुळात माणसांनी उभं केलेलं, देवराष्ट्र्याच्या बोडक्या डोंगरावर. धों. म. मोहित्यांनी त्यासाठी किती वर्षं घातली! १९८५ मध्ये अभयारण्य झालं. दादा, मोठ्या सहलीच्या आधी एका रविवारी दोघं तिथं चक्कर मारून या. चार तास काही न करता नुसतं बघत बसणं दोघांना जमतं का, ते तिथंच कळेल. पेट्रोलपुरता खर्च.

लेन्सवाला

ही सूचना आवडली. काळवीटही आहेत तिथं. सकाळी लवकर जा.

कंदी_पेढा

लेन्सवाले आणि कृष्णाकाठच्या ताई सहमत! मॉडरेटर, धागा वर चिकटवा.

छाटणी_कात्री_तासगाव

बागेबद्दल कुणीच बोलेना म्हणून माझे दोन पैसे. माझीही बाग आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात खरड छाटणी उरकली तर सबकेन (नव्या फुटीवर पोटफुटी काढणं), शेंडा मारणं ही कामं जूनच्या मध्यापर्यंत आवरतात. त्यापुढचे आठ-दहा दिवस माणसावर सोडून जाता येतं, फक्त पाऊस लागून राहिला तर डाऊनी रोगाची फवारणी चुकू देऊ नका. फवारणीचा तक्ता भिंतीला लावा आणि शेजाऱ्याला बेदाण्याचं एक खोकं आगाऊ द्या. मी असाच गेलो होतो. जूनअखेरीला ताडोबात उकाडा घामट असतो, पण गर्दी ओसरलेली आणि ३० तारखेपर्यंत कोअर उघडं.

बागवाला_कवठेमहांकाळ

मंडळी, इतके दिवस उत्तर दिलं नाही, ढगाळ हवेनं फवारणीच्या मागं होतो. सगळं वाचलं, हिलाही वाचून दाखवलं. पूर्ण, चहाबाजांच्या उसासकट.

ताईंच्या सांगण्यावरून सरळ विचारलं, तुला काय बघायचंय. ती म्हणाली, "वाघ दिसला तर बघीन. पण मला एक दिवस तरी पहाटे उठायचं नाही." मी म्हटलं, अगं सफारी पहाटेच असते. त्यावर ती म्हणाली की लग्न झाल्यापासून ती साडेचारला उठतेय. आधी सासूबाईंचा चहा, मग पोरांचे डबे, मग बागेत बायका येतात. सुट्टीतही साडेचारलाच उठायचं तर त्यात सुट्टी कुठली? माझ्याकडं उत्तर नव्हतं. हे मला या धाग्याशिवाय कळलं नसतं, म्हणून ताईंचे आभार.

आफ्रिका सध्या बाजूला. नेर्लेकर, फीचा आकडा ऐकून ही म्हणाली, एवढ्यात ठिबकची नवी लाइन होते. दर कधी लागला तर तुम्हालाच विचारेन.

तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात ताडोबा, मोहर्लीच्या बाजूला. फक्त दुपारच्या फेऱ्या, आणि शेवटच्या दिवशी एक पहाटेची, ती तिची तिनं कबूल केलीय. आणि मंगळवार मधे येईल अशा तारखा घेतोय. रानवेडी ताई टाळा म्हणाल्या होत्या, पण हिचं म्हणणं असं की जंगलच बंद असेल तर कुणी उठवायला येणार नाही.

रानवेडी_सातारा

मंगळवार मुद्दाम घेणारं जोडपं आजवर ऐकलं नव्हतं. वहिनींना माझा नमस्कार सांगा. दुपारच्या फेरीत एक फायदा आहे. जूनमध्ये शेवटच्या तासाला ऊन उतरतं आणि जनावरं पाण्याकडं निघतात. चांगला भाग शेवटीच येतो, त्यामुळं "चला आता परत" म्हणू नका, गेट बंद व्हायच्या वेळेचं गणित गाइडवर सोडा.

लेन्सवाला

दुपारच्या प्रकाशात फोटो चपटे येतात. पण ठीक आहे, तुमची सहल. आजूबाजूच्या बफरची एखादी फेरी घाला, आगरझरी किंवा जुनोना. कोअरपेक्षा स्वस्त पडते आणि वाघ कोअर-बफरची पाटी वाचत नाही.

माजी_वनपाल

मंगळवारी दिवसभर रिसॉर्टवर बसून राहू नका. चंद्रपुरात गोंड राजांचा किल्ला, महाकालीचं देऊळ आणि राजांच्या समाध्या बघा. ताडोबातल्या जुन्या रस्त्यालगत दगडी खांब दिसतील, त्या काळचे. त्यांच्याबद्दलही गाइडला विचारा, त्यांना सांगायला आवडतं. सगळे फक्त वाघाचं विचारतात.

डॉक्टरबाई_विश्रामबाग

जूनचा उकाडा आहे, मिठा-साखरेचं पाणी बाटलीत ठेवा. आणि बाथरूमच्या भीतीनं पाणी पिणं थांबवू नका, वर ताईंनी बरोबर लिहिलंय. बीपीची गोळी चालू असेल तर रोजच्याच वेळेला.

चहाबाज_कराड

एवढं सगळं झालं, एक प्रश्न राहिला. जिप्सीत भडंग खाता येतं का?

माजी_वनपाल

नाही. कोअरमध्ये खाणं नको, कागद-पुडी तर अजिबात नको. माकडं गाड्यांमागं लागायला शिकतात.

चहाबाज_कराड

मग मी घरीच बरा.

बागवाला_कवठेमहांकाळ

तंबोरा, जाताना महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, सांगलीतून. येताना पुणे विमानतळापर्यंत विमान, पोरीनं घेऊन दिलंय. नागपूरहून मोहर्लीला गाडी कुणी ओळखीची असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. आणि फवारणीला माणूस कुणाकडं मोकळा असेल तर तेही सांगा, ते जास्त तातडीचं आहे.

छाटणी_कात्री_तासगाव

माणूस आहे, माझाच. निरोप पाठवलाय. बेदाण्याचं खोकं विसरू नका.